राखेच्या ढगाने लेकीचे बाळंतपण हुकले; आता बारशाला जावे का?

वाचक ताईंचे पत्र:

“सप्रेम नमस्कार. माझी धाकटी मुलगी जर्मनीत म्युनिकला असते. तिचे पहिलेच बाळंतपण होते आणि नोव्हेंबर अखेरची तारीख दिलेली होती. पहिले बाळंतपण माहेरचे, पण तिला त्या अवस्थेत कोल्हापूरला येणे शक्य नव्हते, म्हणून आम्हीच तिकडे जायचे ठरवले. २४ नोव्हेंबर २०२५ च्या रात्रीचे, मुंबईहून आखातामार्गे पुढे जाणारे तिकीट होते. आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो, दिवसभर दादरला भाच्याकडे थांबलो, रात्री विमानतळावर बॅगा दिल्या आणि नंतर कळले की इथिओपियातल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे विमान रद्द झाले आहे. बाहेर आकाश स्वच्छ होते, दुसरी विमाने उडत होती. यजमानांचे इन्सुलिन चेक-इन केलेल्या बॅगेत गेले होते; ती बॅग परत हातात पडायला चार तास लागले. कंपनीने २७ तारखेच्या रात्रीचे विमान देऊ केले होते, पण ह्यांनी मला न विचारता पैसे परत मागितले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. २७ ला पहाटे नात झाली. डिंकाचे लाडू डब्यातच राहिले. दोन महिने झाले, मी ह्यांच्याशी धड बोललेले नाही. जाऊबाई म्हणतात, प्रवासाला अपशकुन झाला, आता जाऊ नका. मुलीने बारसे आमच्यासाठी थांबवले आहे आणि मार्चमध्ये या म्हणते. ह्यांचे म्हणणे, पुन्हा तो व्याप नको. खरोखर एवढा धोका होता का? तिकिटाचे पैसे एजंटकडून अजून पुरते आलेले नाहीत, ते मिळतील का? आणि आता आम्ही जावे का?”

एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. नात झाल्याबद्दल तुम्हा दोघांचे मनापासून अभिनंदन. हे आधी लिहिते, कारण एवढ्या आनंदाच्या बातमीला तुमच्या पत्रात एकच ओळ मिळाली आहे आणि तीही विमानाच्या तारखेला लागून आली आहे.

धोका खरा होता का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी जरा सविस्तर देणार आहे, कारण तुमच्या मनातला राग या एका प्रश्नावर उभा आहे. विमान विनाकारण थांबवले गेले असे वाटत राहिले, तर त्या रात्रीचा प्रत्येक निर्णय चुकीचाच दिसत राहील.

राख म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चुलीतली किंवा गुऱ्हाळाच्या चुलवणातली राख येते. ती मऊ, हलकी असते आणि बोटांत चोळली की विरते; पूर्वी आपण तिने भांडी घासत होतो. ज्वालामुखीची राख ही जळून उरलेली वस्तूच नव्हे. जमिनीखालचा वितळलेला खडक वर येताना त्यात कोंडलेले वायू फुगतात आणि त्या रसाच्या ठिकऱ्या उडवतात. त्या ठिकऱ्या क्षणात थिजतात आणि त्यांची खडकाची व काचेची पूड तयार होते. दोन मिलिमीटरपेक्षा लहान कणांना राख म्हणतात आणि त्यातली जी पूड वाऱ्याबरोबर हजारो किलोमीटर जाते ती दळलेल्या पिठाहूनही बारीक असते. तिचे कण टोकदार असतात आणि ते पाण्यात विरघळत नाहीत. जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षातले तापमान १,४०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, तर या राखेतली काच साधारण १,१०० अंशांच्या आसपास वितळू लागते. म्हणजे आत गेलेली पूड इंजिनात वितळते, मागच्या टर्बाइनच्या त्यामानाने थंड पात्यांवर जाऊन चिकटते आणि तिथे पुन्हा काच होऊन हवेची वाट अडवते. हवा अडली की इंजिन बंद पडते. याशिवाय वैमानिकासमोरची काच घासकागदाने घासल्यासारखी पांढरी होते आणि वेग मोजणाऱ्या नळ्या चोंदू शकतात.

हे पुस्तकातले भय नाही, असे घडलेले आहे. २४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ विमान इंडोनेशियातल्या जावा बेटावरून क्वालालंपूरहून पर्थकडे चालले होते. खाली गालुंगगुंग ज्वालामुखीचा उद्रेक सुरू होता आणि त्याची कल्पना वैमानिकांना नव्हती. एकामागून एक चारही इंजिने बंद पडली आणि सुमारे ३७,००० फुटांवरचे ते विमान तरंगत तरंगत १३,००० फुटांच्या आसपास उतरले. राखेच्या थरातून बाहेर आल्यावर इंजिनांत चिकटलेली काच थंड होऊन तडकली असावी. इंजिने पुन्हा सुरू झाली आणि काचेतून पुढचे जवळजवळ काही दिसत नसताना वैमानिकांनी विमान जकार्ताला उतरवले. आतले सर्व २६३ जण वाचले. पुढे १५ डिसेंबर १९८९ ला अलास्कात, रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत, केएलएमच्या विमानाची चारही इंजिने अशीच बंद पडली आणि तेही कसेबसे सावरून अँकरेजला उतरले. दोन्ही वेळी माणसे वाचली म्हणून या गोष्टी आज सांगता येतात.

ताई, तुम्ही लिहिता की बाहेर आकाश स्वच्छ होते. मुंबईवरचे आकाश स्वच्छच असणार. तुमच्या विमानाला जायचे होते ते अरबी समुद्रावरून आखाताकडे, आणि राख त्या दिवशी त्याच बाजूने येत होती. इथिओपियाच्या अफार भागातला हायली गुब्बी हा ज्वालामुखी २३ नोव्हेंबरला, म्हणजे तुम्ही महालक्ष्मीत बसलात त्याच रविवारी, फुटला. त्याच्या उद्रेकाची गेल्या सुमारे १२,००० वर्षांतली एकही नोंद नव्हती. राखेचा लोट सुमारे १४ किलोमीटर उंच गेला, तांबडा समुद्र ओलांडून येमेन आणि ओमानवरून अरबी समुद्रावर आला आणि २४ च्या रात्री गुजरात, राजस्थानवरून दिल्लीपर्यंत, म्हणजे चार हजारांहून अधिक किलोमीटर, पोहोचला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांना राख असलेला भाग आणि त्या उंचीचे थर टाळायला सांगितले, तसेच इंजिनात काही वेगळे जाणवल्यास किंवा केबिनमध्ये वास आल्यास लगेच कळवायला सांगितले. एअर इंडियाने त्या भागावरून येऊन गेलेल्या विमानांची तपासणी करण्यासाठी ११ उड्डाणे रद्द केली. आखाताकडे जाणारी आणखी काही कंपन्यांची विमानेही रद्द झाली किंवा वळवली गेली.

वैमानिक बघून वाट काढेल, असे आपल्याला वाटते. रात्रीच्या काळोखात ही राख दिसत नाही, आणि विमानातला हवामानाचा रडार पावसाचे थेंब टिपण्यासाठी केलेला असल्यामुळे इतकी बारीक कोरडी पूड त्याला सापडत नाही. म्हणूनच १९८२ आणि १९८९ च्या त्या प्रसंगांनंतर जगाची वाटणी करून नऊ केंद्रे नेमली गेली, जी उपग्रहांच्या मदतीने राखेवर नजर ठेवतात आणि ती कुठल्या उंचीवर, कुठे सरकेल याचे इशारे देतात. इथिओपियाच्या राखेचे इशारे फ्रान्समधल्या तुलूझच्या केंद्राने दिले. वैमानिकाचे डोळे जिथे पोहोचत नाहीत तिथे या केंद्राचा कागद मानायचा, अशी ही व्यवस्था आहे.

कोल्हापूरच्या माणसाला ही व्यवस्था परकी वाटू नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ३९ फुटांना लागले की इशारा आणि ४३ फुटांना लागले की धोका, हे आपल्याकडे शाळेतले पोरही सांगते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद केला गेला तेव्हा कित्येक ट्रकचालकांना वाटलेच असेल की आपली गाडी उंच आहे, निघून जाईल. कोल्हापुरात त्या वेळी कोरड्या गल्ल्याही होत्या आणि तिथे उभे राहून पुराचा अंदाज येत नव्हता. तरीही पाण्याखालचा रस्ता वाहून गेला आहे की शाबूत आहे हे चालकाला वरून कळत नाही, म्हणून गाडी घालायची की नाही हे त्याच्यावर सोडले जात नाही. मुंबईच्या त्या रात्रीचा निर्णय याच जातीचा होता. माझ्या मते तो योग्य होता आणि मी त्या विमानाची प्रवासी असते तरी हेच म्हटले असते, अर्थात रडून झाल्यावर.

मग दुसरी विमाने कशी उडत होती? हेही बरोबरच होते. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडचा एयाफ्यात्लायोकुत्ल फुटला तेव्हा राख म्हटली की उड्डाण नाही, असाच दंडक होता. युरोपचे बहुतेक आकाश सुमारे सहा दिवस बंद राहिले, जवळपास एक लाख उड्डाणे रद्द झाली आणि सुमारे एक कोटी प्रवासी जागोजाग अडकले. त्यावर फार टीका झाली, तपासणीसाठी रिकामी विमाने उडवून पाहिली गेली आणि त्यानंतर युरोपात राखेच्या प्रमाणानुसार पट्टे ठरले, म्हणजे एक घनमीटर हवेत २ मिलिग्रॅमपर्यंत, २ ते ४ मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त. सगळे आकाश बंद करण्याऐवजी राखेचा भाग आणि उंची पाहून वाट बदलण्याकडे कल वाढला. म्हणून तुमचे विमान थांबले आणि पूर्वेकडे जाणारे उडाले.

आता तुमच्या यजमानांविषयी. तुम्ही एक वाक्य पत्रात ओझरते लिहून पुढे गेला आहात, पण मला ते पत्राचे मर्म वाटते. त्यांचे इन्सुलिन असलेली बॅग चार तास त्यांच्या हातात नव्हती. मधुमेही माणूस, जेवणाची वेळ टळून गेलेली, विमान रद्द झाल्यामुळे काउंटरसमोर गर्दी, बॅग कुठल्या पट्ट्यावर येईल हे कोणी धड सांगत नाही, आणि शेजारी बायको लेकीच्या काळजीने कासावीस झालेली. अशा चार तासांत माणूस काय काय विचार करतो ते तुम्ही त्यांना विचारले आहे का? मला दिसते ते असे की ते घाबरले होते. परक्या देशात, मध्येच कुठल्या तरी विमानतळावर, पुन्हा असे झाले तर काय, ही भीती त्यांना वाटली असावी आणि ती तुमच्यासमोर बोलून दाखवणे त्यांना जमले नसावे. आपल्याकडच्या त्या पिढीच्या पुरुषांना ‘मला भीती वाटली’ असे म्हणण्यापेक्षा ‘व्याप नको’ म्हणणे सोपे जाते. त्यांनी तुम्हाला न विचारता पैसे परत मागितले ही त्यांची चूक आहे आणि ती मी झाकत नाही. तिकीट दोघांचे होते, लेक दोघांची आहे, तेव्हा दोन मिनिटे बाजूला घेऊन विचारायला हवे होते. मी असते तर २७ चे विमान धरले असते. पण २४ च्या रात्री राख किती दिवस राहील हे त्यांना ठाऊक नव्हते. २५ च्या संध्याकाळनंतर ती भारतावरून चीनकडे सरकली हे आपण आज जाणतो. आइसलंडच्या वेळी युरोपचे आकाश जवळजवळ आठवडाभर मोकळे झाले नव्हते.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही स्वतःच लिहिली आहे पण जोडून पाहिलेली दिसत नाही. नात २७ ला पहाटे झाली आणि कंपनी देत होती ते विमान २७ च्या रात्रीचे होते. यजमानांनी ते स्वीकारले असते तरी बाळाच्या जन्माच्या वेळी तुम्ही मुंबईतच असता. तो क्षण राखेने नेला, त्यांनी नाही. त्यांच्या निर्णयाने गेले ते त्यानंतरचे दिवस: लेकीला शेक-शेगडी, बाळाची आंघोळ, रात्रीची जागरणे, सव्वा महिना. ते नुकसान लहान नाही आणि त्याबद्दल तुम्हाला वाईट वाटणे योग्य आहे. परंतु दोन महिन्यांचा अबोला या खऱ्या नुकसानाबद्दल धरला आहे की त्या हुकलेल्या पहाटेबद्दल, हे तुम्ही स्वतःशी एकदा नीट पाहावे. लेकीविषयी एक दिलासा देता येतो. जर्मनीत प्रसूतीनंतर प्रशिक्षित सुईण घरी येऊन आईला आणि बाळाला तपासते, स्तनपानापासून नाळेच्या निगेपर्यंत सर्व शिकवते, आणि त्याचा खर्च तिथला आरोग्य विमा उचलतो. आईची जागा ती घेत नाही, पण लेक उघड्यावर नव्हती.

जाऊबाईंच्या अपशकुनाला मी फार जागा देणार नाही. जोतिबाचा आणि पन्हाळ्याचा डोंगर ज्या काळ्या कातळाचा आहे तो कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि त्याच डोंगरावर आपण ‘चांगभलं’ म्हणत गुलाल उधळतो. पृथ्वीच्या पोटातल्या या घडामोडी कोणाच्या प्रवासाचा मुहूर्त पाहून होत नाहीत. जाऊबाईंनी काळजीपोटी म्हटले असेल, त्यांच्याशी वाद घालू नका, पण त्यावरून निर्णयही करू नका.

पैशांचे सांगते. अशा रद्द झालेल्या उड्डाणाबद्दल वेगळी नुकसानभरपाई मागण्यात तुमची शक्ती घालवू नका. नैसर्गिक आपत्तीसारख्या, कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणासाठी भरपाई देण्याचे बंधन आपल्या महासंचालनालयाच्या नियमांत कंपनीवर नाही. तिकिटाची रक्कम मात्र वेगळी गोष्ट आहे. विमान रद्द झाले की दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे, यांपैकी एक प्रवाशाच्या निवडीनुसार मिळाले पाहिजे. तिकीट एजंटकडून काढले असले तरी पैसे परत करण्याची जबाबदारी विमान कंपनीचीच राहते, कारण एजंट हा तिचा प्रतिनिधी मानला जातो. कंपनी परदेशी असेल तर तिच्या देशाचे नियमही लागू होतात, तेव्हा तिच्या अटी वाचून घ्या. एजंटशी दुकानात जाऊन भांडण्याऐवजी त्याला ईमेलने तीन गोष्टी लेखी विचारा: कंपनीने किती रक्कम, कोणत्या तारखेला परत केली, त्याने त्यातून काय कापले आणि ते कोणत्या अटीनुसार कापले. हाच ईमेल कंपनीलाही पाठवा, सोबत पीएनआर, उड्डाण रद्द झाल्याचा मेसेज आणि बॅगांचे टॅग यांची छायाचित्रे जोडा. उत्तर आले नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा या संकेतस्थळावर तक्रार करता येते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचाही उपयोग होतो. त्यानंतरही काही झाले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दावा दाखल करू शकता. त्यासाठी मुंबईच्या फेऱ्या मारायला नकोत. तोवर बहुधा वेळ येणार नाही, असा माझा अंदाज आहे. लेखी प्रश्न गेला की बरीच अडलेली रक्कम हलते.

आता मार्च. माझे स्पष्ट मत आहे की तुम्ही दोघांनी जावे. असा ढग पुन्हा तुमच्याच वाटेवर, तुमच्याच दिवशी येईल असे मानून नात न पाहता राहणे मला पटत नाही. मात्र तो येणारच नाही असे धरून आखणी करणेही बरे नव्हे. बाली बेटाकडे जाणाऱ्या प्रवाशांना गेल्या दोन वर्षांत लेवोतोबी ज्वालामुखीने अनेकदा अडवले; जून २०२५ मध्ये दिल्लीहून निघालेले एक विमान अर्ध्या वाटेवरून परत फिरले. म्हणून मोकळे दिवस तुमच्या आखणीत हवेत. मागच्या वेळी बाळंतपणाची तारीख आणि प्रवासाची तारीख यांच्यात जेमतेम चार-सहा दिवसांचे अंतर राहिले होते, त्यात सावरायला वेळच नव्हता. या वेळी बारशाची तारीख तुम्ही पोहोचल्यानंतर किमान आठवड्याने ठेवायला मुलीला सांगा, म्हणजे विमान दोन-तीन दिवस लांबले तरी पाहुण्यांना फोन करत बसावे लागणार नाही. मुंबईला आदल्या दिवशी पोहोचण्याची तुमची पद्धत चांगली आहे, ती सोडू नका. मुंबईपासून म्युनिकपर्यंतचा सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असू द्या. दोन वेगळी तिकिटे कधी कधी स्वस्त पडतात, पण पहिले विमान लांबले आणि दुसरे चुकले तर दुसऱ्या कंपनीला त्याचे काही देणेघेणे राहत नाही आणि तुम्ही मध्येच अडकता. यजमानांच्या मनात जी भीती आहे ती नेमकी हीच असेल, तेव्हा ही गोष्ट त्यांना आवर्जून सांगा.

व्हिसावरच्या तारखा आताच पाहून घ्या. मागचा व्हिसा न वापरता संपला असेल तर नव्याने अर्ज करावा लागेल आणि त्याला लागणारा वेळ धरून तिकीट काढावे लागेल. परतीचे विमान व्हिसा संपण्याच्या दिवशीचे ठेवू नका, दहा-बारा दिवस हाती राखा. एवढे करूनही परतीच्या वेळी राखेने किंवा अशाच कारणाने अडकलात, तर शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाच्या, नियमांत अशा अपरिहार्य कारणासाठी विनामूल्य मुदतवाढीची तरतूद आहे. अर्ज मुदत संपण्यापूर्वी तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात करायचा असतो आणि या कामात जावई मदत करू शकतील. परतीच्या प्रवासाला युरोपचा कायदाही तुमच्या बाजूने आहे, कारण युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या उड्डाणाला तो लागू होतो. त्यात राखेसाठी भरपाई नाही, पण पुढचे विमान मिळेपर्यंत जेवण आणि गरज पडल्यास हॉटेल देण्याची कंपनीची जबाबदारी आहे. आइसलंडच्या राखेत अडकलेल्या एका प्रवासी महिलेच्या दाव्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये सांगितले की ही जबाबदारी ज्वालामुखीच्या वेळीही सुटत नाही. काउंटरवर हे शांतपणे मागता येते आणि खर्च स्वतः केला तर पावत्या जपून ठेवायच्या असतात.

विम्याबाबत अनेकांची फसगत होते. व्हिसासाठी जो किमान ३०,००० युरोचा विमा लागतो तो आजारपणाच्या खर्चाचा असतो. प्रवास रद्द होणे किंवा लांबणे यासाठीचे संरक्षण त्यात असेलच असे नाही. पॉलिसीत ते शब्द शोधा, नसतील तर ते वेगळे जोडून घ्या. आणि ते तिकीट काढतानाच घ्या, कारण ज्वालामुखी फुटल्याची बातमी आल्यावर घेतलेला विमा त्या उद्रेकासाठी सहसा उपयोगी पडत नाही.

या सगळ्याच्या आधी एक काम आहे, ते आज रात्री जेवणानंतर करा. यजमानांना विचारा की त्या चार तासांत त्यांना काय वाटत होते. ‘तुम्ही असे का केलेत’ हा प्रश्न आज नको, तो ते उत्तर देऊन मोकळे झाल्यावर विचारा आणि तेव्हा तुमचे दुःखही त्यांना पूर्ण सांगा. मग मार्चच्या प्रवासाची हातातली बॅग त्यांनाच भरायला सांगा. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत कधीच द्यायचे नसते, विमानाच्या पोटातल्या थंडीत ते गोठून निकामी होऊ शकते. ते, सुया, साखर मोजायचे यंत्र, चार दिवस पुरतील एवढ्या बाकीच्या गोळ्या, काही खाण्याचे आणि एकेक कपड्यांचा जोड हे सगळे त्यांच्या हाताशी राहू द्या. नातीचे झबले-टोपडे आणि वाळेही त्याच बॅगेत ठेवा. लाडू मात्र म्युनिकला लेकीच्या स्वयंपाकघरात वळा, कारण दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात नेण्यावर निर्बंध आहेत आणि तुपाच्या डब्यावरून तिथे अडचण नको. औषधांसाठी डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी घ्या, तिच्यावर औषधाचे मूळ नाव लिहिलेले असू द्या आणि तिची एक प्रत तुमच्या पर्समध्येही ठेवा.

तुमची,
सदरलेखिका